घोडी, उपसचिव आणि मागणी-पुरवठा

मी सरकारला अर्थशास्त्र शिकवत होते, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "शिकलं का हो?" या प्रश्नाला माझ्याकडे अजूनही सरळ उत्तर नाही. एक उपसचिव शिकले, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकते. त्यांचं पुढे काय झालं, तेच आज सांगायला बसले आहे.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा गाजावाजा चालू होता ते दिवस. मुंबई राज्याच्या सचिवालयात कुणाला तरी वाटलं, की योजना आखणाऱ्या आणि राबवणाऱ्या साहेबलोकांना अर्थशास्त्र थोडंफार यायला हवं. मग चिंचवड स्टेशनाजवळ एक बंगला भाड्यानं घेतला, त्यात खाटा टाकल्या, एका खोलीत फळा लावला आणि त्याला प्रशिक्षण केंद्र म्हणायला सुरुवात केली. चिंचवड निवडण्याचं कारण असं, की तिथे साहेबांचं मन रमेल असं काहीही नव्हतं. देवाचं गाव, पलीकडे पिंपरीत सिंधी निर्वासितांची वसाहत, नव्यानं उभा राहिलेला औषधांचा कारखाना, आणि मधे नुसती शेतं आणि बाभळी. शेजारचं पिंपळे सौदागर म्हणजे तेव्हा नुसती ज्वारी. आज तिथे मजल्यांवर मजले चढलेत म्हणे. मी गेलेली नाही.

पुण्यातल्या नामांकित प्राध्यापकांना आधी विचारलं होतं. पण पुण्याच्या विद्वानाला नदी ओलांडून शिकवायला जाणं समुद्रपर्यटनासारखं वाटतं. शास्त्राची आडकाठी येते. नकारांची रांग संपल्यावर माझा नंबर लागला. मी मुलींच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते, वय तिशीचं, लग्न झालेलं नव्हतं. आमच्या आळीत त्यावर एक विनोद फिरत होता: "प्रभुण्यांच्या पोरीला मागणी येत नाही, म्हणून ती मागणी शिकवते." विनोद चांगला होता, म्हणून मी तो वर्गातही वापरत असे.

केंद्राचे संचालक कर्णिकसाहेब. निवृत्त कलेक्टर, पांढऱ्या मिशा, बोलताना कुणीतरी दौऱ्यावर निघालंय असा घाईचा आवाज. त्यांनी मुलाखतीत अर्थशास्त्रातलं एक अक्षर विचारलं नाही.

"बाई, ही सगळी मोठी माणसं आहेत. तुम्हाला भीती नाही ना वाटणार?"

"मी सतरा-अठरा वर्षांच्या मुलींना शिकवते," मी म्हटलं. "त्यानंतर कसली भीती?"

ते खूश झाले. त्यांना मुली होत्या.

पहिल्याच दिवशी मी वर्गात शिरले, तर खिडकीपाशी उभे असलेले एक उंच, सडसडीत गृहस्थ न वळता म्हणाले, "बरं झालं आलात. घ्या लिहून." आणि त्यांनी सचिवालयाला पाठवायची एक टिप्पणी तोंडानं सांगायला सुरुवात केली. त्यांनी मला लघुलेखिका समजलं होतं. मी बसले आणि सगळी लिहून घेतली. मग उठले, फळ्याजवळ गेले, त्यातलं पहिलंच वाक्य मोठ्या अक्षरांत फळ्यावर काढलं: 'भाव वाढत असल्याने भाववाढीस मनाई करण्यात यावी.'

"मंडळी," मी म्हटलं, "माझं नाव प्रभुणे. आजचा धडा या वाक्यावर."

ते गृहस्थ म्हणजे उपसचिव धारवाडकर. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. पण एक गोष्ट मी त्या दिवशीच टिपली: ते वर्ग सोडून गेले नाहीत. पहिल्या बाकावर बसले आणि शेवटपर्यंत माझ्याशी भांडले.

बाहेरच्या माणसाला सांगायचं तर हा धंदा फार सोपा आहे. अर्थशास्त्रात शिकवण्यासारखा प्रश्न एकच: 'आणि मग काय होईल?' तुम्ही हुकूम काढलात, ठीक. मग काय होईल? लोक काय करतील? मग त्यानंतर? सरकारी माणसाची पंचाईत अशी, की त्याचं काम सहीपाशी संपतं आणि आमचं तिथून सुरू होतं. मी मागणीची उतरती रेघ फळ्यावर काढली, तर एका अवर सचिवांनी विचारलं, "ही खाली उतरते, याला मंजुरी कुणाची?" भूमी-अभिलेख खात्यातल्या एकांना रेघ हातानं काढलेली आवडली नाही, मोजणी करून घ्या म्हणाले. दारूबंदीचं काम बघणारे एक साहेब होते. भाव वाढला की लोक कमी घेतात, असं मी सांगितल्यावर ते कळवळून म्हणाले, "बाई, या एका वस्तूच्या बाबतीत तसं होत नाही हो." मी विचारलं, "आपल्याला कसं माहीत?" त्यानंतर ते वर्गात फारसे बोलले नाहीत.

आणि होते निंबाळकर. एका लांबच्या जिल्ह्याचे कलेक्टर, देहानं भारी, जिभेनं हलके. मागच्या बाकावर डोळे मिटून बसायचे. झोपलेत असं वाटायचं, पण नेमक्या जागी बोलायचे. पुरवठा कसा वाढवावा, या माझ्या प्रश्नाला डोळे न उघडता त्यांचं उत्तर होतं, "तलाठ्याला बोलावून झापावं." वर्गात सगळे हसले, पण सगळ्यांनी ते लिहूनही घेतलं.

धारवाडकरांचं टांग्याचं प्रकरण सुरू झालं ते एका सकाळी. ते मुंबईहून आले होते आणि वर्गाला उशिरा पोचले, धोतराच्या काठाला चिखल, हातात स्वतःची पेटी. झालं होतं असं, की स्टेशनावर ते नाना गावडेच्या टांग्यात बसले. नाना म्हणजे चिंचवडच्या टांगेवाल्यांचा पुढारी. गळ्यात ताईत, आवाज कुस्तीच्या फडातला. निम्म्या वाटेत त्याला लग्नाचं वऱ्हाड भेटलं, आणि नानानं उपसचिवांना सरळ खाली उतरवलं.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"म्हणाला, 'राव, तुमी काय रोजचं गिऱ्हाईक. लग्न रोज असतंय व्हय?'" धारवाडकरांनी पेटी बाकावर आपटली. "आणि कारखान्याची पाळी सुटली की हेच लोक दुप्पट भाडं मागतात. बायका-माणसं अडलेली बघून मागतात. याला काही कायदा आहे का नाही?"

शिक्षकाला असा विद्यार्थी आयुष्यात क्वचित मिळतो. मी तोच विषय वर्गाला दिला: चिंचवड-पिंपरीच्या टांग्यांसाठी धोरण लिहा, आणि मग काय होईल तेही लिहा. धारवाडकरांचं धोरण देखणं होतं. भाडं ठरलेलं, टांग्यांची संख्या ठरलेली, प्रत्येक टांगेवाल्याला पितळी बिल्ला, बिल्ल्याशिवाय टांगा दिसला तर घोड्यासकट जप्त. संख्या ठरवण्यासाठी ते स्वतः एका दुपारी स्टेशनावर जाऊन उभे असलेले टांगे मोजून आले होते. उत्तराचा पहिला भाग बारीक अक्षरात पानं भरून. दुसऱ्या भागात, म्हणजे 'मग काय होईल' या सदरात, एकच ओळ: 'सुव्यवस्था होईल.'

मी त्यांना काठावर नापास केलं.

ते वर्गानंतर थांबले. "बाई, यात चूक काय आहे ते मला दाखवा."

"भाडं बांधलंत तर लांबच्या, खडकाळ वाटेला कोण येईल? संख्या बांधलीत तर उद्या कारखाना वाढल्यावर माणसं कशात बसतील? आणि ज्यांना बिल्ला मिळाला ते दुसऱ्याला मिळू देतील का?"

"हे सगळे तुमचे अंदाज आहेत."

"हो. तेच शिकवायचा पगार मिळतो मला."

त्यांनी मान हलवली आणि गेले. मला वाटलं, विषय संपला. पण सरकारी माणसाला नापास केलेलं चालत नाही. तो फेरतपासणीला वर जातो. धारवाडकरांनी ते धोरण एका स्नेह्याकडे पाठवून दिलं, स्नेही योग्य त्या खुर्चीवर होता, आणि काही आठवड्यांत माझ्या वर्गातला गृहपाठ खरा सरकारी हुकूम होऊन स्टेशनाच्या भिंतीवर चिकटला. कुठलं खातं ते सांगत नाही. माझा एक भाचा त्यात लागला आहे.

धारवाडकर मला मुद्दाम तो हुकूम दाखवायला घेऊन गेले. लहान मुलानं चित्र दाखवावं तसे उभे होते. खाली पितळी बिल्ला छातीवर लावून नाना गावडे त्याहून रुबाबात उभा.

"नाना, काय म्हणता?" मी विचारलं.

"बाई, असं सरकार पायजे!" नाना म्हणाला. "बिल्लं समदं आमच्याच भावकीत आलं. आता कोनी उपटसुंभ मधी यायचा न्हाई."

मी धारवाडकरांकडे बघितलं. त्यांना 'सरकार पायजे' एवढंच ऐकू आलं होतं.

मग हळूहळू सगळं घडायला लागलं, जसं घडतं तसं. भाडं एकच, म्हणून टांगे जवळच्या सवारीला चिकटले. कारखान्याची पाळी सुटायच्या वेळी वाटेवर एक टांगा दिसेना. बायका डोक्यावर डबे घेऊन चालत निघायच्या. सिंधी वसाहतीतल्या एका म्हाताऱ्या आजोबांना नातवानं खांद्यावर बसवून नेलेलं मी स्वतः पाहिलं. नानाची भावकी झाडाखाली निवांत पत्ते खेळत असायची. निंबाळकर रोज सकाळी वर्गात डोळे मिटून विचारत, "धारवाडकर, सुव्यवस्था झाली का?"

अशात एका दुपारी बंगल्याच्या फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. हिरवं लुगडं, पदर घट्ट खोचलेला, पाय धुळीनं पांढरे. "शिकिवनारी बाई कोन हाय?" तिनं शिपायाला विचारलं.

मी बाहेर आले.

"मी बानूबी. कुरुळीची. आता हितंच ऱ्हातो आमी, स्टेशनामागं. माझा मालक हुसेन टांगा चालीवतो. आमची घोडी पोलिसांनी धरली. तुमी साहेबाला शिकिवलं म्हनं, तवा साहेबानं कायदा केला."

"मी असं शिकवलं नव्हतं हो," मी म्हटलं, आणि मलाच ते पोकळ वाटलं.

"आता कुनी शिकिवलं त्याला आग लागू दे," बानूबी म्हणाली. "घोडी कोंडवाड्यात हाय. गुरुवारी लिलाव हाय. तेवढं सांगा साहेबाला."

हुसेनकडे बिल्ला नव्हता, आणि पाळी सुटल्यावर चालत निघालेल्या बायकांना त्यानं टांग्यात घेतलं होतं. नानाच्याच कुणा माणसानं चौकीवर जाऊन सांगितलं. पोलिसांकडे घोडी बांधायला जागा नव्हती, म्हणून मोकाट गुरं कोंडतात त्या कोंडवाड्यात तिची रवानगी झाली होती.

मी दुसऱ्या दिवशीचा तास रद्द केला आणि सगळा वर्ग घेऊन कोंडवाड्यात गेले. कर्णिकसाहेबांना 'क्षेत्रभेट' असं सांगितलं. या शब्दाला सरकारात कुणी नाही म्हणत नाही. धारवाडकर यायला तयार नव्हते. "कायदा सगळ्यांना सारखा," म्हणाले. निंबाळकरांनी त्यांचं बखोट धरलं. "चला हो. बघायला काय परवाना लागतो?"

कोंडवाडा म्हणजे दगडी आवार, वर छप्पर नाही, शेणाचा दर्प. दोन म्हशी, एक आडदांड वळू, आणि कोपऱ्यात ती घोडी: तांबूस, कपाळावर पांढरा टिळा, बरगड्या मोजता येतील अशी. नाव लाली. हुसेन भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. किरकोळ माणूस, अबोल. बोलायचं काम बानूबीकडे असावं.

निंबाळकरांनी घोडीभोवती एक फेरी मारली, वाकून बघितलं, आणि गंभीर आवाजात म्हणाले, "धारवाडकर, तुमच्या हुकमात शब्द काय आहे?"

"बिल्ल्याशिवाय टांगा आणि घोडा जप्त."

"ही घोडी आहे. सोडा तिला."

वर्ग खो खो हसला. धारवाडकर मात्र हसले नाहीत. "कायद्यात पुल्लिंगात स्त्रीलिंग अंतर्भूत असतं," त्यांनी लगेच सांगितलं.

"वा," मी म्हटलं. "म्हणजे दंडात आम्ही अंतर्भूत. बिल्ले वाटताना नाही."

त्यांनी माझ्याकडे रागानं बघितलं. ते हुसेनकडे वळले. आवाज कडक ठेवायचा प्रयत्न करत होते. "तुम्ही बिल्ल्यासाठी अर्ज का नाही केलात?"

हुसेननं बानूबीकडे बघितलं.

"केला की," ती म्हणाली. "गेलो व्हतो कचेरीत. तिथलं साहेब म्हनले, जेवढं टांगं मोजलं तेवढंच बिल्लं. संपलं."

"पण मोजणी मी स्वतः केली. सगळे टांगे मोजले. तुम्ही कुठे होतात?"

"कवा मोजलं?"

"बाजाराच्या दुपारी."

आता हुसेन पहिल्यांदा बोलला. "नाल ठोकाया गेलो व्हतो साहेब. लाली लंगडत व्हती."

कुणी हसलं नाही. वळू तेवढा फुरफुरला. धारवाडकर त्या घोडीच्या पायाकडे बघत उभे राहिले. मी फळ्यावर कितीही रेघा ओढल्या असत्या तरी त्या उभं राहण्याची बरोबरी झाली नसती, हे मला कळलं. आणि खरं सांगायचं तर त्याचा आनंदही झाला नाही. माणूस आतून मोडताना बघणं चांगलं नसतं, तो आपल्याशी वाद घालत असला तरी.

परतताना ते माझ्या बरोबरीनं चालले. बाकीचे पुढे गेले होते.

"बाई, तुम्ही जिंकलात."

"मी कुठे काय जिंकले? घोडी अजून आत आहे."

चार पावलं ते तसेच चालले. मग म्हणाले, "मी लहान होतो तेव्हा वडिलांना एकदा दवाखान्यात न्यायचं होतं. आई टांगा ठरवायला गेली. टांगेवाल्यानं आधी तिचा चेहरा बघितला आणि मग भाडं सांगितलं. तेव्हापासून मला वाटतं, भाव माणसाच्या चेहऱ्यावर ठरू नये. माझं सगळं अर्थशास्त्र एवढंच आहे. ते चूक आहे का?"

"वडील?" मी विचारलं.

"वाचले. पण आई त्या टांग्यात बसली तशी मी तिला पुन्हा कधी बसलेली बघितली नाही. अंग चोरून."

मी नेहमी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध. त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. अजूनही पुरतं सुचलेलं नाही. मागणी-पुरवठ्याच्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे कुणाची तरी आई उभी असते, हे माझ्या एकाही प्रोफेसरनं मला सांगितलं नव्हतं.

बंगल्यात आल्यावर आम्ही दोघं भांडत बसलो. चहाचे कप निवून गेले. त्यातून जे निघालं ते साधं होतं: भाडं पाटीवर लिहावं, म्हणजे चेहरा बघून कुणी मागणार नाही, पण लांबच्या वाटेचं भाडं जास्त असावं, आणि बिल्ला मागेल त्याला द्यावा, मोजणी वगैरे नको. "आणि मग काय होईल?" मी शेवटी विचारलं. धारवाडकरांनी डोकं खाजवलं. "नाना चिडेल. टांगे वाढतील. मग काहींना सवारी मिळणार नाही, ते दुसरं काम शोधतील. कदाचित पुढे बस येईल आणि आपण दोघं वेडे ठरू." मी त्यांना त्याच क्षणी पास केलं.

पण दुरुस्तीला सही हवी होती, आणि स्नेही आता फोनवर येत नव्हता. ज्या हुकमाचं वर कौतुक झालं तो चुकला असं कोण कळवणार? बुधवारी वर्गाचा समारोप होता आणि त्याला एक मंत्री यायचे होते. गुरुवारी लिलाव.

कर्णिकसाहेबांनी मला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. "बाई, मंत्रीमहोदयांना टांग्यांची योजना फार आवडली आहे. आपल्या केंद्राचं पहिलं फळ म्हणून ते बोलणार आहेत. धारवाडकर अधिकाऱ्यांच्या वतीनं आभार मानतील. तुम्ही कृपा करून समारंभात अर्थशास्त्र आणू नका."

"मी तोंड उघडणार नाही," मी वचन दिलं. आणि पाळलंही.

बुधवारी बंगल्यापुढे मांडव घातला. नाना गावडे बिल्लेवाल्यांची फौज घेऊन आला, हातात भलामोठा हार. "साहेब, बिल्लं वाढवू नका, एवढंच मागनं," तो मंत्र्यांना हार घालताना म्हणाला. मंत्री प्रसन्न. पाळी सुटायची वेळ होती, म्हणून वाटेनं चालणारे कारखान्याचे लोक मांडवाच्या कडेला थबकले होते. फुकट भाषण कुणाला नको असतं? त्यांत बानूबीही होती, हुसेनला ओढून घेऊन आलेली.

मंत्र्यांचं भाषण झालं. चिंचवडनं राज्याला वाट दाखवली वगैरे. मग धारवाडकर आभाराला उठले. कोटाची बटणं लावलेली, हात पाठीमागे. मी पहिल्या रांगेत बसले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"माननीय मंत्रीमहोदयांचे आभार," ते म्हणाले. "टांग्यांचा हुकूम मी लिहिला. तो चुकलेला आहे."

कर्णिकसाहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू ते शब्द मीच धारवाडकरांच्या तोंडी घातले.

"मी एका दुपारी टांगे मोजले. एक टांगा नाल ठोकायला गेला होता. त्याची घोडी कोंडवाड्यात आहे आणि उद्या लिलाव आहे. पाळी सुटल्यावर बायका चालत घरी जातात, त्याही माझ्याच हुकमानं. बिल्ला मागेल त्याला द्यावा, अशी माझी विनंती आहे." आणि ते खाली बसले. बाकीच्यांचे आभार मानायचे राहून गेले.

मग मांडवाच्या कडेला कुणीतरी टाळी वाजवली. बानूबी असावी, मला खात्री नाही. मग दुसरी, आणि मग कारखान्याच्या सगळ्या पाळीनं टाळ्या सुरू केल्या. नानाच्या माणसांनी आरडाओरडा केला, पण तो बुडाला.

मंत्री मुरलेले होते. त्यांनी आधी बिल्लेवाल्यांकडे बघितलं, मग कडेच्या गर्दीकडे. कोण जास्त आहे हे समजायला त्यांना अर्थशास्त्र लागत नव्हतं. ते पुन्हा उभे राहिले, हसले, आणि म्हणाले, "आमचा अधिकारी जनतेचं ऐकतो, याचा मला अभिमान आहे! बिल्ला मागेल त्याला! आणि घोडी आजच सोडा!"

टाळ्यांनी मांडव हलला. हुसेन तिथून जो पळत सुटला तो थेट कोंडवाड्याकडे. बानूबी थांबली, माझ्याकडे बघून एकदा मान हलवली, आणि त्याच्या मागे गेली. जाता जाता नानाच्या अंगाला अंग घासून गेली, मुद्दाम.

मग चहाच्या वेळी आतल्या खोलीत मंत्र्यांनी कर्णिकसाहेबांना हळूच विचारलं, "तो उंच अधिकारी कोण? लोकांसमोर सरकार चुकलं म्हणतो?" मी दाराशीच होते.

त्याच महिन्यात धारवाडकरांची मत्स्यव्यवसाय खात्यात बदली झाली. बढती यायची होती ती गेली. निंबाळकर पुढे फार वर चढले. चार लोकांत ते डोळे उघडून कधी बोलले नाहीत. केंद्र काही काळानं मुंबईला हललं आणि मला कुणी 'चला' म्हटलं नाही. मी परत मुलींच्या कॉलेजात आले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. टांग्यांचं म्हणाल तर काही वर्षांत बस आली. हुसेन कारखान्यात लागला, नानानं चहाचं दुकान टाकलं. त्या दुकानात मी एकदा गेले, तर नाना म्हणाला, "बाई, दूध संपलं." समोर पातेलं भरलेलं होतं.

धारवाडकर एकदा पुण्यात आले तेव्हा माझ्याकडे आले. थोडे वाळले होते, पण चेहरा मोकळा. मासेमारीच्या होड्यांविषयी भरभरून बोलले. मी मधेच विचारलं, "पश्चात्ताप होतो का हो?"

"होतो की," ते म्हणाले. "बढती गेली, खोटं कशाला बोलू? बायको अजून ऐकवते. तिनं नव्या बंगल्याचे पडदेसुद्धा शिवून ठेवले होते."

"मग पुन्हा तशी वेळ आली तर?"

त्यांनी बशीत चहा ओतला आणि फुंकर घालत विचार केला.

"बोलेन," ते म्हणाले. "फक्त आधी तिला माहेरी पाठवीन."